अवरक्त छायाचित्र म्हणजे बनावट चित्र नव्हे

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात झालेल्या एका हौशी छायाचित्र स्पर्धेत एका मुलीचे छायाचित्र 'संगणकावर बर्फाचा परिणाम दिलेले, म्हणून नियमबाह्य' असा शेरा मारून परत करण्यात आले. ती मुलगी माझी माजी विद्यार्थिनी आहे आणि ते छायाचित्र तिने काढले तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. आयोजकांवर आरोप करणे हा या पत्राचा हेतू नाही, म्हणून त्यांचे नाव मी लिहीत नाही. परंतु त्या शेऱ्यामागे जो गैरसमज आहे तो केवळ त्या परीक्षकांचा नाही. तो सर्वत्र आहे आणि त्यामुळे ग्रामीण भागातील मुलांचा एक फार चांगला छंद रुजण्याआधीच करपतो आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

छायाचित्र असे होते. दसऱ्याच्या सुमाराची भर दुपार, धुऱ्यावर एक जुने कडुनिंब, त्याच्या पलीकडे पऱ्हाटीचे (कपाशीचे) वावर आणि खाली पाझर तलावाचे पाणी. चित्रात कडुनिंबाचा सगळा पाला पांढराशुभ्र दिसत होता, पऱ्हाटीही तशीच पांढरी होती, आकाश जवळजवळ काळे होते आणि तलावाचे पाणी तर शाईसारखे. परीक्षकांना त्यात बर्फ दिसला. शेरा वाचून मुलगी माझ्याकडे आली आणि तिने एकच विचारले, "सर, यात मी खोटं काय केलं?" तिने खोटे काहीच केले नव्हते. तिचा कॅमेरा तुमच्या-आमच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, तांबड्या रंगापलीकडच्या 'अवरक्त' (इन्फ्रारेड) प्रकाशात पाहणारा होता, एवढेच.

हा कॅमेरा कोठून आला तेही सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओच्या कपाटात ऐंशी लाख पिक्सेलचा, खिशात मावणारा एक जुना डिजिटल कॅमेरा पडून होता. लोकांनी पासपोर्ट फोटोसुद्धा मोबाइलवर काढायला सुरुवात केल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. तो पाचशे रुपयांत मिळाला. डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा सेन्सर मुळातच आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त पाहतो. आपल्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो, तर सिलिकॉनला सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे अवरक्त पट्ट्याच्या अलीकडच्या भागातला प्रकाशही जाणवतो. हा जास्तीचा प्रकाश रंग बिघडवतो, म्हणून कारखान्यातच सेन्सरपुढे तो अडवणारी एक पातळ काच बसवलेली असते. ती काच काढून तिच्या जागी तितक्याच जाडीची साधी पारदर्शक काच बसवली आणि भिंगापुढे ७२० नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश अडवणारा फिल्टर लावला, की तोच कॅमेरा अवरक्त छायाचित्रे काढू लागतो. जाडी तितकीच ठेवावी लागते, नाही तर दूरचे चित्र स्पष्ट येत नाही.

हे काम बसस्थानकाजवळ मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने माझ्यासमोर केले. वाचकांपैकी कोणाला करून पाहावेसे वाटले तर एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. अशा कॅमेऱ्यातील फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, बॅटरी काढल्यानंतरही, सुमारे ३०० व्होल्टचा भार साठून राहिलेला असू शकतो. त्याचा झटका जोरदार बसतो. विजेची कामे करणाऱ्या जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून, आणि मुलांच्या हातून तर कधीच, कॅमेरा उघडू नये. ज्यांना कॅमेरा न उघडता केवळ तत्त्व पाहायचे आहे त्यांनी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पुष्कळ मोबाइलांत, विशेषतः समोरच्या कॅमेऱ्यात, रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. डोळ्यांना तो दिसत नाही. सुरुवातीला आमच्याकडे विकतचा फिल्टरही नव्हता. रंगीत निगेटिव्हचा पूर्ण प्रकाश लागून धुतल्यावर काळा झालेला तुकडा अवरक्त प्रकाश आरपार जाऊ देतो आणि दृश्य प्रकाश बहुतांशी अडवतो. स्टुडिओवाल्या काकांनी तसे दोन तुकडे फुकट दिले आणि आमची पहिली चित्रे त्यांतूनच निघाली. थोडी धूसर होती, पण निघाली.

आता झाडे पांढरी का दिसतात ते सांगतो, कारण आक्षेपाचे मूळ तेथे आहे. पानातील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते, अवरक्त प्रकाशाला मात्र ते अडवत नाही. तो प्रकाश पानाच्या आत शिरतो, तेथील पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आदळून सर्व दिशांना विखुरतो आणि त्याचा मोठा भाग बाहेर परत येतो. म्हणून निरोगी हिरवे पान अवरक्त प्रकाशात अत्यंत उजळ दिसते. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने अशी छायाचित्रे १९१० मध्येच प्रसिद्ध केली होती आणि या पांढऱ्या पालवीला आजही 'वुड परिणाम' म्हणूनच ओळखतात. आकाश काळे दिसते, कारण हवेतील विखुरण तरंगलांबी वाढेल तसे झपाट्याने घटते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशापेक्षा ८०० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे दहापट कमी विखुरतो. पाणी हा प्रकाश शोषून घेते आणि वरच्या काळ्या आकाशाचेच प्रतिबिंब त्यात पडते, म्हणून तेही काळे. त्या चित्रातील एकही छटा संगणकाने घातलेली नव्हती. शेतावरच्या उन्हाने आणि पानांनी मिळून ती घडवली होती.

उन्हाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या मुलखाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. छायाचित्रणाची पुस्तके सकाळ-संध्याकाळचा मऊ प्रकाश शोधायला सांगतात आणि दुपारी बाराचे ऊन टाळायला सांगतात. अवरक्त छायाचित्रणाला नेमके ते टाळायचे ऊनच लागते. निरभ्र आकाश, डोक्यावरचा सूर्य आणि झाडाखालची ठळक सावली यांत ही चित्रे सर्वांत चांगली येतात. असे ऊन विदर्भात वर्षातले कितीतरी महिने मिळते आणि त्यासाठी कोणालाही हिमाचलला जावे लागत नाही. शाळा सुटल्यावर नव्हे, तर मधल्या सुट्टीत करता येईल असा हा छंद आहे.

परीक्षकांनी फोनवर मला सांगितले की, 'डोळ्याला दिसते तसेच छायाचित्र असले पाहिजे.' या म्हणण्याचा मी आदर करतो, परंतु ते तपासून पाहिले पाहिजे. जी रंगीत छायाचित्रे त्या स्पर्धेत बक्षीसपात्र ठरली, त्यांतील रंगही सेन्सरने जसेच्या तसे टिपलेले नसतात. बहुतेक सर्व डिजिटल कॅमेऱ्यांत कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी योजलेली आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेली रंगजाळी, म्हणजे सेन्सरवर बसवलेली रंगीत फिल्टरची बारीक जाळी, वापरतात. या जाळीत अर्धे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६० लाख ठिकाणी फक्त हिरवा, ३० लाख ठिकाणी फक्त लाल आणि ३० लाख ठिकाणी फक्त निळा प्रकाश मोजला जातो. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून गणिताने भरून काढले जातात. चित्रातील रंगांची दोन तृतीयांश माहिती अशा रीतीने कॅमेऱ्याने अनुमानित केलेली असते. मी याला फसवणूक म्हणत नाही, कारण हे अनुमान फार कौशल्याने केलेले असते. परंतु जाळी काढून टाकून प्रत्येक ठिपक्यावर पडलेला प्रकाश केवळ मोजणारा कॅमेरा अधिक खोटा आणि दोन तृतीयांश अनुमान करणारा कॅमेरा अधिक खरा, असे कोणी म्हणू लागले तर ते मला मान्य नाही. असे बिनजाळीचे, केवळ कृष्णधवल कॅमेरेही निघालेले आहेत. लायकाने २०१२ मध्ये आणि पेंटॅक्सने २०२३ मध्ये ते खास त्या हौशीसाठी बाजारात आणले.

आमच्या लोणारचेच उदाहरण घ्यावे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा मोबाइलवर फिरलेल्या छायाचित्रांत कोठे ते फिकट तर कोठे गडद दिसत होते, कारण पांढरी वस्तू पांढरी दिसावी म्हणून प्रत्येक फोन रंगांचा समतोल आपापल्या पद्धतीने साधतो. पाणी मात्र खरोखर गुलाबी झाले होते. पाण्याची पातळी घटून क्षारता वाढल्यावर वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आले. म्हणून चित्र खरे की खोटे हे ठरवताना ते डोळ्यासारखे दिसते का, एवढेच पाहून भागत नाही. ते कशाने काढले, मूळ फाइल कोठे आहे आणि काढणाऱ्याने काय सांगितले आहे, हे पाहावे लागते.

शिवाय, अवरक्त चित्रांवर आपण सर्वजण रोज विश्वास ठेवतोच. ताडोब्यातील वाघाचे रात्री टिपलेले करडे छायाचित्र आपल्या दैनिकात येते तेव्हा त्याला कोणी बनावट म्हणत नाही. जंगलात लावलेले, आपोआप छायाचित्र टिपणारे पुष्कळ ट्रॅप कॅमेरे साधारण ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांच्या उजेडात चित्र घेतात. त्यांतल्या ९४० च्या दिव्याची तर लाल चमकही दिसत नाही. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी ट्रॅप कॅमेरे लावले गेले, सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली, त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती आणि त्या मोहिमेची गिनीज बुकात नोंद झाली. पेट्रोल पंपावरचा सीसीटीव्ही अंधार पडताच आपल्या सेन्सरपुढची तीच काच आपोआप बाजूला सारतो, जी आम्ही स्क्रू ड्रायव्हरने काढली. उपग्रहावरून घेतलेल्या पीकपाण्याच्या चित्रांत वनस्पती लाल दाखवतात, कारण तेथे अवरक्त प्रकाशाला लाल रंग दिलेला असतो. नागपूरच्या प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्रात अशाच चित्रांवर काम चालते. जे शास्त्रज्ञाने केले तर विज्ञान, ते कपाशी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलीने केले तर संगणकाची करामत कशी ठरते, हे मला समजलेले नाही.

या छंदाचा मला स्वतःला सर्वांत मोठा लाभ झाला तो एका वेगळ्याच कामात. आमच्या गावातील एका घरी मोडी लिपीतील जुने कागद आहेत. छप्पर गळून त्यांवर तपकिरी डाग पडले होते, काही ठिकाणी हळद सांडली होती आणि अक्षर वाचता येत नव्हते. काजळीपासून केलेल्या शाईतला काळा रंग म्हणजे मुख्यतः कार्बन. तो अवरक्त प्रकाशही तितकाच शोषतो, म्हणून चित्रात काळाच राहतो. हळदीचा आणि अशा तपकिरी डागांचा रंग मात्र त्या प्रकाशात जवळपास नाहीसा होतो. आम्ही कागद उन्हात नेले नाहीत, कारण उन्हाने कागदाचे नुकसान होते. खोलीत जुना, तारेचा पिवळा बल्ब लावला, कारण त्यातून भरपूर अवरक्त प्रकाश निघतो आणि आजच्या एलईडी दिव्यातून तो जवळजवळ निघतच नाही. चित्र पडद्यावर आले तेव्हा डागांखालच्या ओळी उठून दिसू लागल्या. ज्या घरचे कागद होते तेथील आजींनी पडद्यावर बोट ठेवून आपल्या सासऱ्यांच्या आजोबांचे नाव कोठे आहे ते मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना विचारले आणि त्यांनी ते वाचून दाखवले. उलट, नंतरच्या काळातल्या कागदांवरील निळ्या शाईच्या काही सह्या त्याच चित्रांत पूर्णपणे नाहीशा झाल्या, कारण ती शाई काजळीची नसून विरघळणाऱ्या रंगाची होती. म्हणून प्रत्येक कागदाचे साधे छायाचित्र आणि अवरक्त छायाचित्र अशी जोडी ठेवण्याचा नियम आम्ही केला. ज्या घरांत असे दप्तर असेल त्यांनी ते वाळवीला किंवा भंगाराला देण्याआधी एकदा हे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सगळेच आगळे कॅमेरे मला सारख्या मोलाचे वाटत नाहीत. चित्र काढल्यावर फोकस बदलता येणारा लायट्रो २०१२ मध्ये आला तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले, पण ती कंपनी २०१८ मध्ये बंद पडली आणि हौशी माणसाच्या हाती फारसे काही उरले नाही. कॅसिओच्या २००८ मधील एका कॅमेऱ्यात सेकंदाला १,२०० चौकटी टिपता येत, पण चित्र अगदी चिंचोळे मिळे. तरी वेड्या राघूची झेप समजून घ्यायला तेवढे पुरे आहे. भिंगापासून अवघ्या एक सेंटिमीटरवर फोकस होणारे ऑलिंपसचे पाणीरोधक छोटे कॅमेरे मात्र शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती अवश्य असावेत असे मला वाटते, कारण बोंडअळीचे अंडे आणि पानावरचा साधा ठिपका यांतला फरक त्यांत दिसतो.

आकाशाच्या छायाचित्रणाविषयी दोन वाक्ये अधिक लिहिली पाहिजेत, कारण जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' (कृत्रिम उजेडापासून जपलेल्या अंधाऱ्या आकाशाचे क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली आहे. तेजोमेघांतील, म्हणजे आकाशातील वायूच्या प्रचंड ढगांतील, हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश सोडतो आणि साध्या कॅमेऱ्यातील काच त्याचा बराचसा भाग अडवते. म्हणून कॅननने २००५, २०१२ व २०१९ मध्ये आणि निकॉनने २०१५ मध्ये खगोल छायाचित्रणासाठी वेगळी काच बसवलेले कॅमेरे काढले. २०१९ च्या कॅमेऱ्यात हा प्रकाश सुमारे चौपट पोहोचतो, असे कंपनी सांगते. ते महाग होते. आमचा पाचशेचा कॅमेरा मात्र भिंगापुढचा फिल्टर काढला की हा लाल प्रकाश अडवत नाही आणि मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा लाल भाग त्यात साध्या कॅमेऱ्यापेक्षा स्पष्ट येतो. हे काम हिवाळ्यातच करावे. सेन्सरचा अंधारातला गोंगाट, म्हणजे प्रकाश नसतानाही चित्रात उमटणारे खोटे ठिपके, दर सहा ते आठ अंश तापमानवाढीमागे सुमारे दुप्पट होतो आणि आमच्याकडच्या वैशाखातल्या रात्रीही तापलेल्या असतात.

एका गोष्टीबाबत मात्र पूर्ण सावधगिरी हवी. काही पातळ कापडे अवरक्त प्रकाशात थोडी पारदर्शक होतात. याच कारणाने १९९८ मध्ये सोनीला रात्री पाहणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत बदल करावा लागला होता. आमच्या गटात पहिल्या दिवसापासून नियम आहे की या कॅमेऱ्याने माणसांची छायाचित्रे काढायची नाहीत. झाड, पाणी, आकाश, कागद आणि दगड हेच आमचे विषय. जी शाळा हा छंद सुरू करील तिने हा नियम फळ्यावर लिहून ठेवावा. या पट्ट्यातल्या चित्रात शरीराची उष्णता दिसत नाही, हेही मुलांना सांगावे. उष्णतेचे चित्र घेणारे कॅमेरे कितीतरी लांब तरंगलांबीवर काम करतात आणि त्यांना जर्मेनियमसारख्या पदार्थांची भिंगे लागतात.

छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी आपल्या नियमावलीत 'दृश्य प्रकाशाबाहेरील छायाचित्रे' असा एक वेगळा विभाग ठेवावा, अशी माझी मागणी आहे. तो शक्य नसेल तर निदान अशा चित्राखाली कोणता कॅमेरा आणि कोणता फिल्टर वापरला हे लिहिण्याची मुभा द्यावी, आणि शंका आल्यास चित्र परत करण्याआधी मूळ फाइल मागवावी. मूळ फाइल पाहिली असती तर त्या मुलीच्या चित्राचा निर्णय पाच मिनिटांत झाला असता. ज्यांच्या कपाटांत जुने डिजिटल कॅमेरे पडून आहेत त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी जवळच्या शाळेतील विज्ञान शिक्षकांना विचारावे. बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून वेगळी द्यावी.

त्या मुलीचे छायाचित्र, त्याची मूळ फाइल, आणि त्याच जागी त्याच दुपारी साध्या मोबाइलने काढलेले दुसरे छायाचित्र, अशा तिन्ही गोष्टी या पत्रासोबत तिच्या व तिच्या वडिलांच्या संमतीने पाठवत आहे. शक्य झाल्यास दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी छापावीत आणि खाली 'छायाचित्र : अवरक्त, ७२० नॅनोमीटर फिल्टर' एवढी ओळ द्यावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. मेहकर, जि. बुलढाणा